पर्माफ्रॉस्ट किती खोल वितळेल? अंदाज बांधण्याची रीत, पायरीपायरीने

ऑगस्ट संपत आला की आर्क्टिकच्या टुंड्रावर काम करणारी माणसं एक सेंटीमीटर जाडीची पोलादी सळई घेऊन फिरतात. सळई शेवाळावर टेकवायची आणि सरळ खाली दाबायची. वरचा स्पंजासारखा थर सहज वाट देतो, ओली माती थोडी अडवते आणि मग सळई एकदम थांबते. दगड लागला तर खणकन आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. गोठलेली माती लागली तर आवाज बद्द येतो. जमिनीच्या पातळीवर सळईला अंगठा लावायचा, ती उपसायची आणि टोकापासून अंगठ्यापर्यंत मोजायचं. ४२ सेंटीमीटर. दोन पावलांवर पुन्हा दाबली, तर ५८.

याच आकड्याचा अंदाज हिशोबाने कसा बांधायचा आणि हवामान तापल्यावर तो कुठे जाईल, हे या लेखात मांडतो. स्प्रेडशीट वापरता येत असेल आणि वर्गमूळ माहीत असेल तर एवढी तयारी पुरे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण लेखभर ती पुन्हा पुन्हा येणार आहे: वितळण्याची खोली तापमानाइतकीच जमिनीतल्या बर्फावर ठरते. हवेच्या तापमानाचे आलेख सगळेच पाहतात, बर्फाचं प्रमाण मात्र फार थोडे जण विचारतात. बहुतेक अंदाज चुकतात ते इथेच.

आधी कोणती खोली, ते ठरवा

सलग किमान दोन वर्षं शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. त्यात बर्फ असलाच पाहिजे असं नाही, कोरडा गोठलेला खडकही पर्माफ्रॉस्टच. त्याच्या डोक्यावरचा जो थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि दर हिवाळ्यात पुन्हा गोठतो, त्याला सक्रिय थर म्हणतात.

बोलण्यात तीन वेगळ्या खोल्यांची गल्लत होते. पहिली, सक्रिय थराची जाडी: बहुतेक ठिकाणी काही दशांश मीटर ते दोन-तीन मीटर. दुसरी, पर्माफ्रॉस्टची एकूण जाडी. सैबेरियातल्या याकुत्स्कमध्ये फ्योदर शेर्गिनने १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. १८३७ पर्यंत ती सुमारे ११६ मीटर खोल गेली, तरी खाली गोठलेलीच जमीन होती. एवढी जाड पाटी शंभर वर्षांत तळापर्यंत वितळत नाही. तिसरी खोली म्हणजे पर्माफ्रॉस्टचा माथा कायमचा किती खाली सरकला. सक्रिय थर हिवाळ्यात पूर्ण गोठेनासा झाला की ही तिसरी खोली महत्त्वाची ठरते आणि तिचं गणित वेगळं आहे. ते शेवटाकडे येईल.

या आकड्यांची काळजी करायचं कारण साधं आहे. उत्तर गोलार्धातल्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या मातीत सुमारे १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. त्यातला किती जिवाणूंच्या तोंडी लागणार, ते बऱ्याच अंशी खोलीवर ठरतं. घरांचे खांब, रस्ते आणि तेलवाहिन्या किती वर्षं सरळ उभ्या राहतील, तेही त्यावरच.

पायरी १: उन्हाळ्याची ऊब मोजा

दररोजचं सरासरी तापमान घ्या. शून्याच्या वरचे दिवस निवडा आणि त्यांच्या तापमानांची बेरीज करा. एक दिवस ५ अंश, दुसरा ८ अंश, तर १३ अंश-दिवस. संपूर्ण उन्हाळ्याची बेरीज म्हणजे वितळणीचे अंश-दिवस. जवळच्या हवामान केंद्राची नोंद मिळाली तर उत्तम, नाहीतर ईआरए५-लँडसारखी पुनर्विश्लेषित, म्हणजे नोंदी आणि संगणकीय प्रारूप जुळवून चौकटीचौकटीने तयार केलेली माहिती चालते. फक्त ठिकाणाची उंची आणि त्या माहितीतल्या चौकटीची सरासरी उंची जुळते का, ते पाहा. डोंगराळ भागात हा फरक सगळं बिघडवू शकतो.

आपल्या उदाहरणासाठी हवेचे ९०० अंश-दिवस धरू.

पायरी २: हवेतून जमिनीवर या

माती हवेच्या तापमानाने वितळत नाही, स्वतःच्या पृष्ठभागाच्या तापमानाने वितळते. हवेचे अंश-दिवस पृष्ठभागाच्या अंश-दिवसांत बदलायला एक गुणक लावतात, त्याला एन-गुणक म्हणतात. झाडांची सावली किंवा जाड शेवाळ असेल तर तो एकाहून कमी. उघडी माती असेल तर एकाच्या आसपास. खडीच्या भरावावर आणि डांबरी रस्त्यावर तो एकाच्या वर जातो, कधी दीडपटीच्याही पुढे. टुंड्रातला रस्ता आधी का खचतो, याचं निम्मं उत्तर या एका आकड्यात आहे.

शक्य असेल तर हा गुणक पुस्तकातून उचलू नका. दोन-तीन सेंटीमीटर खोलीवर एक छोटा तापमान-नोंदक पुरून एक उन्हाळा ठेवा. त्याची बेरीज भागिले हवेची बेरीज, झाला तुमच्या जागेचा गुणक. इथे ०.८ धरू. ९०० × ०.८ = ७२० अंश-दिवस.

पायरी ३: मातीचे दोन आकडे

पहिला आकडा वितळलेल्या मातीची उष्णतावाहकता. ओल्या गाळमातीसाठी १.२ वॅट प्रति मीटर प्रति अंश ठीक आहे. पाण्याने भरलेल्या पीटसाठी, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरासाठी, सुमारे ०.५. कोरडं पीट तर ०.१ च्याही खाली जातं.

दुसरा आकडा एक घनमीटर माती वितळवायला लागणारी उष्णता, आणि खरा जीव इथे आहे. एक किलो बर्फ शून्य अंशावरून शून्य अंशाच्याच पाण्यात बदलायला ३ लाख ३४ हजार जूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यावरून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. जमिनीत शिरणारी उष्णता माती गरम करण्यात फार खर्चच होत नाही, ती बर्फ फोडण्यातच संपते. हीच अप्रकट उष्मा.

म्हणून मातीचा नमुना काढा, वजन करा, भट्टीत १०५ अंशांना वाळवा, पुन्हा वजन करा. समजा कोरड्या मातीची घनता १,२०० किलो प्रति घनमीटर आणि त्याच्या ३० टक्के वजनाचा बर्फ. म्हणजे ३६० किलो बर्फ. ३६० × ३,३४,००० = सुमारे १२ कोटी जूल प्रति घनमीटर.

पायरी ४: मूळ सूत्र

ऑस्ट्रियातले स्लोव्हेन भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी १८९० च्या आसपास ध्रुवीय समुद्रावरचा बर्फ किती जाड होईल, याचं गणित मांडलं. तेच गणित उलटं फिरवलं की वितळण्याची खोली मिळते:

खोली = वर्गमूळ (२ × वाहकता × पृष्ठभागाचे अंश-दिवस × ८६,४०० ÷ एका घनमीटरची अप्रकट उष्मा)

८६,४०० म्हणजे एका दिवसाचे सेकंद. उत्तर चारेक मिलिमीटर आलं, तर समजा की हा गुणाकार राहून गेला. ही चूक फार जणांच्या हातून होते.

आता आपले आकडे घाला. ७२० × ८६,४०० = ६ कोटी २२ लाख. त्याला २ × १.२ ने गुणलं की १४ कोटी ९३ लाख. भागिले १२ कोटी २ लाख, म्हणजे १.२४. वर्गमूळ १.११. सक्रिय थर १ मीटर ११ सेंटीमीटर.

सूत्र माती तापवायला लागणारी उष्णता सोडून देतं, त्यामुळे ते खोली किंचित जास्त सांगतं. ओल्या, बर्फाळ जमिनीत ही चूक काही टक्क्यांचीच असते. कोरड्या खडीत किंवा उघड्या खडकात मात्र ती मोठी होते, कारण तिथे वितळायला बर्फच नसतो. अशा जागी हे सूत्र वापरू नका, उष्णतावहनाचं पूर्ण संगणकीय प्रारूप चालवा.

पायरी ५: थर वेगळे करा

खऱ्या टुंड्रात वर पीट आणि खाली खनिज माती असते. एकच सरासरी वाहकता धरणं ही सोय आहे, पण त्यातून उत्तर बिघडतं. थर एकामागोमाग वितळवा. प्रत्येक थराने किती अंश-दिवस खाल्ले ते वजा करा आणि खालच्या थरासाठी वरच्या थराचा अडथळा, म्हणजे जाडी भागिले वाहकता, हिशोबात धरा.

आपल्या जागेवर वर २० सेंटीमीटर ओलं पीट आहे असं समजा. त्यात घनमीटरमागे ८०० किलो बर्फ, म्हणजे २६ कोटी ७२ लाख जूल. हा थर वितळायला लागणारे अंश-दिवस:

जाडीचा वर्ग × अप्रकट उष्मा ÷ (२ × वाहकता × ८६,४००)

उत्तर येतं सुमारे १२४. ७२० मधले ५९६ उरले. पीटचा अडथळा ०.२ ÷ ०.५ = ०.४. आता खालच्या मातीत खोली ‘ख’ धरली तर:

ख² × (अप्रकट उष्मा ÷ २ × वाहकता) + ख × अप्रकट उष्मा × अडथळा = ५९६ × ८६,४००

कंसात आधी २ आणि वाहकता यांचा गुणाकार, मग भागाकार. वर्गसमीकरण सोडवलं की ‘ख’ ०.६४ मीटर येते. एकूण खोली ८४ सेंटीमीटर. तोच उन्हाळा, तीच माती, फक्त वर हातभरही नसलेलं पीट, आणि खोली २७ सेंटीमीटरने कमी. वणव्यात हे पीट जळून गेलं, तर हवामान तसूभर न बदलताही सळईचा आकडा पुढच्या काही उन्हाळ्यांत २७ सेंटीमीटरने वाढेल. जळून काळा पडलेला पृष्ठभाग ऊन जास्त शोषतो, ते वेगळंच.

पीटची दुसरी खुबी हिवाळ्यात दिसते. बर्फ पाण्याच्या जवळपास चौपट वेगाने उष्णता वाहतो. म्हणून गोठलेलं ओलं पीट हिवाळ्यात उष्णता झपाट्याने बाहेर सोडतं आणि उन्हाळ्यात, विशेषतः वरून वाळल्यावर, आत येऊ देत नाही. पीटखाली पर्माफ्रॉस्ट अनपेक्षित दक्षिणेपर्यंत टिकून आहे तो यामुळे.

पायरी ६: तापमानवाढ घाला, पण ऋतू पाहून

इथे एक ठरावीक चूक होते. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. हा आकडा वाचून लोक वार्षिक वाढ सरळ उन्हाळ्यात मिसळतात. पण ही जादा वाढ मुख्यतः शरद आणि हिवाळ्यातली आहे, उन्हाळ्यात ती सर्वांत कमी असते. वार्षिक आकडा वापरला तर सक्रिय थर फुगवून सांगितला जातो. उलट हिवाळ्यातली वाढ दुर्लक्षिली तर पुढच्या पायरीतला मोठा धोका नजरेआड राहतो.

म्हणून हवामान-प्रारूपांतून महिन्यानुसार बदल काढा: भविष्यातल्या ३० वर्षांची सरासरी वजा त्याच प्रारूपाची गेल्या ३० वर्षांची सरासरी. तो फरक तुमच्या मोजलेल्या रोजच्या तापमानांत मिसळा आणि अंश-दिवस नव्याने मोजा. प्रारूपाचं कच्चं तापमान थेट वापरू नका. आणि एकच प्रारूप न घेता किमान दहा-बारा घ्या, उत्सर्जनाच्या दोन-तीन वाटांसाठी.

समजा १२० दिवसांच्या उन्हाळ्यात २ अंशांची भर पडली आणि दोन्ही टोकांना मोसम थोडा लांबला. ९०० चे १,२०० झाले. उष्णता एक तृतीयांशाने वाढली, खोली मात्र वर्गमुळाच्या हिशोबाने १५ टक्क्यांनी: पीट नसलेल्या मातीत १.११ वरून १.२९ मीटर. पीटखालच्या जागी ८४ वरून १०१ सेंटीमीटर. दोन्हीकडे सुमारे १७ सेंटीमीटरची वाढ. पीट जळण्याचे २७ सेंटीमीटर याच्या शेजारी ठेवून पाहा. पृष्ठभाग सांभाळणं किती मोलाचं आहे, ते या दोन आकड्यांत दिसतं.

मोजलेली खोली आधीच हाताशी असेल तर याहून सोपी वाट आहे. खोलीला अंश-दिवसांच्या वर्गमुळाने भागा, त्या जागेचा स्थिरांक मिळेल. ९०० अंश-दिवसांना ५० सेंटीमीटर असेल, तर १,२०० ला ५८. अनेक वर्षांच्या नोंदी असतील तर हा स्थिरांक माझ्या मते पुस्तकी वाहकतेपेक्षा जास्त भरवशाचा. त्यात शेवाळ, ओल, उतार सगळं आपोआप येतं.

पायरी ७: माथ्याखाली काय दडलंय, ते शोधा

वरचं गणित धरून चाललं की खालची मातीही तशीच आहे. बहुतेक ठिकाणी ती तशी नसते. सक्रिय थराच्या लगेच खालचा पट्टा बऱ्याचदा बर्फाने गच्च भरलेला असतो, कारण वर्षानुवर्षं खाली झिरपलेलं पाणी तिथेच गोठत आलं आहे.

या पट्ट्यात निम्म्याहून जास्त, समजा ६० टक्के आकारमान बर्फाचं आहे. घनमीटरमागे ५५० किलो, म्हणजे १८ कोटी ३७ लाख जूल. जादा उष्णता आधीच्या उदाहरणाइतकीच धरली तर माथा १.११ मीटरच्या खाली १७ ऐवजी १२ सेंटीमीटरच सरकतो. बर्फ ढालीसारखा आड येतो.

पण या ढालीचा हिशोब नंतर चुकवावा लागतो. त्या ६० टक्क्यांतला निम्मा बर्फ मातीच्या पोकळ्यांत मावणारा नाही, तो कणांना दूर सारून बसलेला आहे. वितळून पाणी वाहून गेलं की १२ सेंटीमीटरच्या थरातून साडेतीन सेंटीमीटर उंचीच नाहीशी होते आणि जमीन तेवढी खाली बसते. आता सळई दाबा. ती ८ सेंटीमीटरची वाढ दाखवेल, कारण जिथून मोजायला सुरुवात करता ती पातळीच उतरली आहे. वितळलेल्या जमिनीचा जवळपास तिसरा हिस्सा सळईला दिसलाच नाही. जिथे बर्फाची शुद्ध पाचर वितळते, तिथे जमीन वितळेल तितकी खचते आणि सळई वर्षानुवर्षं तोच आकडा दाखवत राहते. कागदावर ‘बदल नाही’, आणि पायाखाली तळं तयार होत असतं.

म्हणून गाभ्याचे नमुने माथ्याच्या किमान मीटरभर खालपर्यंत काढा. गोठलेला तुकडा मोजपात्रात वितळू द्या, गाळ बसू द्या आणि वर साचलेलं पाणी मोजा. तेच जादा बर्फाचं प्रमाण.

पायरी ८: हिवाळा पुरेसा आहे का?

इथवरचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे, की हिवाळ्यात सक्रिय थर पूर्ण गोठतो. ते तपासायला पर्माफ्रॉस्टच्या माथ्याचं वार्षिक सरासरी तापमान काढा:

(वाहकतांचं गुणोत्तर × उन्हाळी एन-गुणक × वितळणीचे अंश-दिवस − हिवाळी एन-गुणक × गोठणीचे अंश-दिवस) ÷ ३६५

गोठणीचे अंश-दिवस म्हणजे शून्याखालच्या दिवसांची तशीच बेरीज, उणे चिन्ह सोडून. गुणोत्तर म्हणजे वितळलेल्या मातीची वाहकता भागिले गोठलेल्या मातीची. पीटसाठी ते ०.५ च्या आसपास, कोरडसर वाळूसाठी एकाच्या जवळ. हिवाळी गुणक मुख्यतः साचलेला हिम ठरवतो. हिम जितका जाड, तितका गुणक लहान, कारण हिम हे जमिनीचं पांघरूण आहे.

आजचे आकडे: गोठणीचे ३,५०० अंश-दिवस, हिवाळी गुणक ०.५, पीट. उत्तर उणे ३.८ अंश. पर्माफ्रॉस्ट मजेत आहे. आता वितळणीचे १,२००, गोठणीचे २,७०० आणि जास्त हिमामुळे गुणक ०.२५ धरा. पीटखाली उणे ०.५, जेमतेम तग धरलेलं. गुणोत्तर ०.९ असलेल्या वाळूत मात्र अधिक ०.५. आकडा शून्य ओलांडून वर गेला, म्हणजे हिवाळ्याची थंडी उन्हाळ्याचं देणं फेडू शकत नाही. वर गोठलेलं, खाली गोठलेलं आणि मध्ये वर्षभर ओला राहणारा थर तयार होतो, त्याला तालिक म्हणतात. तिथून पुढे सक्रिय थराचं सूत्र बाजूला ठेवा.

तालिक झाल्यावरची वरची मर्यादा काढता येते. त्याच सूत्रात उन्हाळ्याच्या अंश-दिवसांऐवजी पृष्ठभागाचं सरासरी तापमान गुणिले त्या सगळ्या वर्षांचे दिवस घाला. १ अंश, ५० वर्षं, आपली गाळमाती: सुमारे ५.६ मीटर. बर्फाने भरलेल्या मातीत ४.५. खालचा पर्माफ्रॉस्ट शून्याहून थंड असेल तर याहून कमी, कारण काही उष्णता त्याला तापवण्यात जाईल. उतारावरून वाहणारं किंवा साचलेलं पाणी असेल तर याहून बरंच जास्त. सैबेरियातल्या बातागाइका या प्रचंड खचलेल्या विवरासारखी उघडी पडलेली कडेची भिंत ढासळायला लागली, की वरून खाली जाणारं कोणतंही सूत्र तिला लागू पडत नाही.

संगणकीय प्रारूप चालवणार असाल तर त्यातला मातीचा स्तंभ खोल ठेवा. २००५ मधला एक गाजलेला अंदाज शतकाअखेर पृष्ठभागाजवळचा बहुतेक पर्माफ्रॉस्ट नाहीसा होईल असं सांगत होता. त्या प्रारूपातली माती साडेतीन मीटरही खोल नव्हती. खालच्या थंड जमिनीचा धाक नसल्यामुळे वरची माती भराभर तापली. आता निदान काही दशक मीटरचा स्तंभ घेतात.

पायरी ९: पट्टा द्या आणि जमिनीशी ताडून पाहा

वर्गमूळ इथे आपल्या बाजूने आहे: अंश-दिवसांत १० टक्के चूक झाली तर खोलीत ५ टक्केच. तरी आकडे अनेक आहेत. एन-गुणक ०.६ ते १, वाहकता, बर्फ, हवामान-प्रारूप, या सगळ्यांच्या शक्य पट्ट्यांतून हजारभर वेळा यादृच्छिक निवड करा आणि प्रत्येक वेळी खोली काढा. मधला आकडा आणि ९० टक्के उत्तरं ज्यात बसतात तो पट्टा, दोन्ही द्या. नुसत्या एन-गुणकामुळेच आपलं १.११ हे ०.९७ ते १.२५ होतं, हे लक्षात घ्या.

मोजताना एका टोचणीवर विसंबू नका. १९९१ पासून चालणाऱ्या कॅल्म या आंतरराष्ट्रीय जाळ्यात चौरस आखून त्यावर ११ गुणिले ११, म्हणजे १२१ ठिकाणी सळई टोचतात, दर वर्षी त्याच जागी, वितळण मोसमाच्या अखेरीस. जुलैत मोजलेला आकडा अर्धवट असतो. दगडाळ जमिनीत सळईचा उपयोग नाही, तिथे छिद्र पाडून थर्मिस्टरची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या छोट्या संवेदकांची, माळ सोडा आणि शून्य अंशाची रेषा कुठे पडते ते वाचा. पुरण्याआधी प्रत्येक थर्मिस्टर बर्फ-पाण्याच्या भांड्यात शून्यावर तपासा. जवळपास शून्यावर असलेल्या जमिनीत ०.२ अंशाची चूक म्हणजे गोठलेलं की वितळलेलं, हाच प्रश्न अनुत्तरित राहतो.

आणि पहिल्याच वर्षी, पहिली सळई टोचण्याआधी, एक लांब नळी सक्रिय थराच्या बऱ्याच खाली, न वितळणाऱ्या जमिनीत घट्ट बसवा. सक्रिय थरातून जाणाऱ्या भागावर ग्रीस भरलेलं आवरण चढवा, म्हणजे गोठणारी माती तिला वर उचलणार नाही. दर वर्षी सळई टोचल्यावर त्या नळीच्या टोकापासून जमिनीची पातळी किती उतरली तेही मोजा आणि नोंदवहीत दोन रकाने ठेवा: सळईची खोली आणि खचलेली उंची. प्रारूपाशी जुळवायचा आकडा या दोहोंची बेरीज आहे.